मनाची ओपीडी पेठेतच हवी

छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कशातच लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन कोल्हापुरातल्या शाहूपुरीतला एखादा दुकानदार दवाखान्यात जातो. रक्तदाब ठीक, ईसीजी ठीक. मग ताकदीच्या गोळ्या घेऊन तो परत गल्ल्यावर बसतो. अशा तक्रारींमागे अनेकदा नैराश्य किंवा चिंतेचा आजार असतो, पण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार या नेहमीच्या आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. खरं तर यातल्या बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. म्हणून महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस मनाची ओपीडी हवी, असं माझं ठाम मत आहे.

एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण ३९ टक्के होतं. अवघड रुग्ण सीपीआर रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवता येतील. दुसरी भीती गोळ्यांच्या सवयीची. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्यावरच्या औषधांचं तसं नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. हे समजावून सांगायला कुणी नसतं, म्हणून रुग्ण आठवड्यातच औषध सोडतो. अशी ओपीडी सुरू होईपर्यंत १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दुकानाच्या भिंतीवर लावता येईल.