सहापैकी सहा

परवा भाच्याच्या कॉलेजचा वार्षिक अंक चाळत होतो. भाचा इथेच नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आहे. अंकाची सुरुवातीची पानं गुणवंतांच्या फोटोंनी भरलेली. मग एनएसएस, मग वृक्षारोपण, मग कुणाकुणाचे सत्कार. क्रीडा विभागाच्या पानावर अगदी तळाशी फुटबॉलबद्दल दीड ओळ सापडली. संघाने सहा सामने खेळले, सहाही सामन्यांत पराभव. बस्स.

सहापैकी सहा! आमच्या नांदेड-लातूरकडे शंभर टक्के निकाल लागला की पेढे वाटतात. इथे मात्र या दीड ओळीवरून संघच बंद करायचं घाटतंय. "जो खेळ रिझल्ट देत नाही त्यावर खर्च कशाला?" असा सवाल बैठकीत निघाला म्हणे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एकट्या त्याच कॉलेजला दोष देण्यात अर्थ नाही, असं बोलणारे तुमच्या-माझ्या घरातही आहेत.

या सहापैकी तीन सामने मी स्वतः पाहिले. म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

पहिला सामना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला, लातूरला. पोरं पहाटे जीपमध्ये कोंबून निघाली. मी रजा टाकून मागे एसटीने. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत पहिला हाफ संपत आला होता आणि चार गोल झाले होते. मैदानावर गवताची काडी नाही. गोलपोस्टला जाळी नाही, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर भाचा लांब पळत जाऊन बॉल आणायचा. शेवटी ७-०. एवढा प्रवास करून दीड तासाचा खेळ, आणि वर्षाची स्पर्धा तिथेच संपली. कारण स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की घरी.

इथेच माझं म्हणणं सुरू होतं.

बाद पद्धतीचं गणित करून बघा. सोळा संघ असतील तर पहिल्याच दिवशी आठ घरी जातात. जिंकणारा संघ चार सामने खेळतो आणि ज्यांना खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे ते आठ संघ प्रत्येकी एक. म्हणजे जो कच्चा आहे त्याला वर्षातून फक्त दीड तास. पुढच्या वर्षी निम्मी पोरं पास होऊन गेलेली असतात. नवी पोरं येतात, परत सात गोल खातात आणि परत घरी येतात. मग आपणच म्हणतो, आपल्या मातीत फुटबॉल नाही हो!

आता जरा लातूर पॅटर्न आठवा. आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक विचारायचे की यांच्याकडे आहे तरी काय? होतं ते अगदी साधं. सराव परीक्षा, चुका शोधायच्या, पुन्हा परीक्षा, पुन्हा चुका. आजही लातूरच्या ट्युशन एरियात जा नाहीतर आमच्या नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत फिरा, टेस्ट चालूच असते. पहिल्या टेस्टला पोराला ७२० पैकी दोनशे मार्क पडले म्हणून कुणी त्याचं नाव काढून घेत नाही. पुढच्या वेळी अडीचशे पडतील म्हणून सगळे वाट बघतात. लातूर पॅटर्न म्हणजे काय, तर वारंवार हरायची सोय!

मग हीच सोय फुटबॉलला का नको? वर्षातून एकच टेस्ट घेऊन नीटला बसवलं तर तुम्ही त्या क्लासवाल्याला काय म्हणाल?

भाच्याच्या सरांना हे कळलं होतं. लातूरहून परतल्यावर त्यांनी कुणाला न विचारता पाच सामने ठरवले. कधी दुसऱ्या कॉलेजशी, कधी एखाद्या क्लबच्या पोरांशी. रविवारी सकाळी, मिळेल त्या मैदानावर. तेही पाचही हरले. पण अंकात न छापलेले आकडे हे असे: ७-०, ५-०, ४-१, २-०, ३-२, १-०. ओळीने वाचा आणि सांगा, हा रिझल्ट नाही तर काय आहे? एवढीच प्रगती एखाद्या पोराच्या टेस्ट पेपरांत दिसली असती तर क्लासवाल्यांनी त्याचा फोटो चौकात लावला असता.

जगात इतरत्र काय चालतं ते पाहू. अमेरिकेतलं कॅलटेक हे कॉलेज. नोबेलवाल्यांची रांग लागलेली संस्था, तिथली पोरं आपल्या लातूर-नांदेडच्या पोरांसारखीच अभ्यासात बुडालेली. त्यांचा बास्केटबॉलचा संघ १९८५ पासून आपल्या लीगमधला प्रत्येक सामना हरत गेला. सलग ३१० सामने! २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४६-४५ असे एका गुणाने जिंकले, तेव्हा ही माळ तुटली. सव्वीस वर्षं हरणारा संघ कॉलेजने बंद केला नाही, याचं मला कौतुक आहेच. पण त्याहून एक गोष्ट लक्षात घ्या. ३१० वेळा हरायला ३१० सामने मिळावे लागतात. आमच्या वर्षाला एक या हिशेबाने त्याला ३१० वर्षं लागतील.

इतक्या लांब कशाला, कोल्हापूरला जा. तिथेही माती हीच, मराठी हीच. पण तिथे पेठांचे आणि तालमींचे संघ साखळी सामने खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा... हरलेला संघ घरी जात नाही, पुढच्या सामन्याला पुन्हा शाहू स्टेडियमवर उतरतो. आणि त्याला शिव्या घालायला का होईना, लोक येतात. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

त्या विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ ला आपल्या राज्यभर फुटबॉल दिवस झाला होता. शाळाशाळांत बॉल वाटले, दहा लाख मुलांना खेळवायचं ठरलं होतं. चांगलंच झालं. पण बॉल वाटले तसे सामने काही वाटले गेले नाहीत. कितीतरी ठिकाणी ते बॉल पुढे कपाटात जाऊन बसले असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि त्या विश्वचषकात आपल्या पोरांचं काय झालं? तीनपैकी तीन हरले. अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने हेडरवर केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला, ते सोडा. नंतर यातल्या बऱ्याच पोरांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज नावाच्या संघातून आय-लीगमध्ये उतरवलं. मोठ्या माणसांच्या क्लबांविरुद्ध ती पोरं तळाला राहिली. पण तळाला राहिलं तरी या संघाला खाली ढकलायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. जीक्सन पुढे भारताच्या मुख्य संघातून खेळला. हरायची सोय करून ठेवली होती, ती कामी आली.

कुणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? मैदान, रेफ्री, प्रवास... खरं आहे. पण मी काही स्टेडियम मागत नाही. एका शहरातल्या चार कॉलेजांनी रविवारी सकाळी एकमेकांशी दोनदा खेळायचं. म्हणजे प्रत्येकाला सहा सामने. एक शिट्टी, दोन बॉल, शेवटी चहा. लातूरच्या चार कॉलेजांनी तसंच करायचं. मग वर्षाच्या शेवटी नांदेड-लातूर एक सामना होऊ द्या. खर्च झालाच तर गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमीच होईल.

दुसरे कुणी म्हणतील, एवढं करून ही पोरं जिंकतील का? कदाचित नाही. माझा भाचा काही देशासाठी खेळणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग अट्टाहास कशासाठी?

याचं उत्तर द्यायला जरा जड जातं. भाच्याने नीट दोनदा दिली. दुसऱ्या निकालानंतर तो चार दिवस खोलीचं दार लावून बसला होता. ताई दाराबाहेर जेवणाचं ताट घेऊन बसायची. आमच्या या क्लासेसच्या शहरांत अशी दारं खूप आहेत, आणि त्यातली काही वेळेवर उघडत नाहीत. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. आपण हळहळतो आणि पान उलटतो. टेस्टमध्ये पोरगं हरतं ते एकट्याने, आणि भिंतीवरच्या यादीत सगळ्यांना दिसेल असं. मैदानावर अकरा जण मिळून हरतात. समोरच्याशी हात मिळवावा लागतो. मग एकाच जीपमधून घरी यावं लागतं, आणि दोन-तीन दिवसांनी परत प्रॅक्टिसला.

लातूरहून त्या सात गोलांच्या दिवशी मीही पोरांच्या जीपमध्ये बसून परतलो. मला वाटलं होतं सगळे गप्प असतील. अहमदपूरला चहाला थांबलो तर तिसरा गोल कुणाच्या चुकीने झाला यावर कडाक्याचं भांडण चालू होतं. भाचा दुसरी प्लेट भजी मागवत म्हणाला, "मामा, सातवा मी अडवायला पाहिजे होता. हाताला लागलता." चार दिवस दार लावून बसलेलं पोर ते हेच. मी काही बोललो नाही, भज्यांचे पैसे दिले.

संघ बंद करायचा की ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. बैठकीत जे बसतात त्यांना माझी एवढीच विनंती आहे की एकदा ते सहा आकडे ओळीने वाचा. सरांनी तोवर सातवा सामना ठरवून टाकलाय. येत्या रविवारी, सकाळी सात वाजता. भाच्याने मला विचारलंय, "मामा, येणार ना?"

जाणार आहे.