तेल कंपन्यांना करमाफी, कष्टकऱ्याच्या टाकीवर कर

आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती यांवर आपल्या चळवळीत जेवढी चर्चा होते, तेवढी करांवर होत नाही. कर हा पैसेवाल्यांचा आणि सीएचा विषय आहे, असा एक समज आहे. "आपण कुठे कर भरतो?" हा प्रश्न संगमनेरमधील तरुणांकडून आम्ही कितीदा तरी ऐकला आहे.

या प्रश्नाचे उत्तर पेट्रोल पंपावर आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी पेट्रोलवरचा केंद्राचा उत्पादन शुल्काचा बोजा लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झाला. घुलेवाडीहून किंवा तळेगावहून रोज कामावर जाणारा गवंडी दुचाकीत दिवसाला एक लिटर पेट्रोल टाकत असेल, तर तो या दराने वर्षाला जवळपास आठ हजार रुपये एकट्या केंद्र सरकारला देतो. राज्याचा व्हॅट वेगळाच. त्याच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर शून्य केला. गवंड्याला मात्र उत्पन्न किती, हे कोणीच विचारत नाही.

बाबासाहेबांनी नेमक्या याच अन्यायावर बोट ठेवले होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नाला आयकर माफ आहे, पण एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला पीक येवो न येवो, शेतसारा भरावाच लागतो. देण्याची ऐपत पाहून कर घ्यावा, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षे होत आली. शेतसाऱ्याची जागा इंधनावरच्या कराने घेतली, एवढाच फरक.

आता तेल कंपन्यांकडे पाहू. नव्या शोध परवाना धोरणाखाली तेल काढणाऱ्या कंपन्यांना उत्पादन सुरू झाल्यापासून सात वर्षे आयकरातून सूट होती. विशेष आर्थिक क्षेत्रातील कारखान्यांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी सूट. जामनगरची रिलायन्सची निर्यातीसाठीची रिफायनरी अशाच क्षेत्रात उभी राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वच कंपन्यांचा मूळ कर, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यातून वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल बुडेल, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले होते.

युक्रेन युद्धानंतर तेलाचे भाव भडकले आणि कंपन्यांना अचानक घबाड मिळाले. तेव्हा १ जुलै २०२२ रोजी सरकारने जादा नफ्यावर कर बसवला. तो योग्यच होता. पण तीन आठवड्यांच्या आत विशेष आर्थिक क्षेत्रातून होणारी निर्यात त्यातून वगळली गेली आणि २ डिसेंबर २०२४ रोजी तो करच रद्द झाला. चारच महिन्यांनी पेट्रोल-डिझेलवरचे शुल्क लिटरला दोन रुपयांनी वाढले. पंपावरचा भाव तेव्हा वाढला नाही, हे खरे. पण कच्चे तेल स्वस्त झाल्याचा जो लाभ आपल्या पदरात पडायला हवा होता, तो वाटेतच सरकारने घेतला. कंपनीचा जादा नफा मोकळा सुटला आणि ग्राहकाची बचत कापली गेली.

सवलतीच्या बाजूने म्हटले जाते की, देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात करतो, विहीर खणणे जोखमीचे असते, सवलत नसेल तर गुंतवणूक येणार नाही. जोखीम आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण खणण्याचा खर्च वजा करूनच नफा मोजला जातो आणि कर नफ्यावर लागतो. खर्च वजा मिळाल्यावर पुन्हा नफाही करमुक्त का? आणि समुद्रकाठची रिफायनरी उचलून कोणी कुठे नेणार आहे?

इथे एक फरक मात्र आपण केला पाहिजे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या आहेत. त्यांचा लाभांश सरकारी तिजोरीत येतो. नोकरीत आरक्षण आहे, पेट्रोल पंपांच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के वाटा आहे. स्वयंपाकाचा गॅस तोट्यात विकल्याबद्दल २०२२ मध्ये त्यांना २२ हजार कोटी दिले गेले, त्याला आमचा विरोध नाही. पण २०२३-२४ मध्ये याच तिघींनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला आणि निवडणुकीच्या तोंडावर पेट्रोल फक्त दोन रुपयांनी उतरले, हेही विसरता येत नाही. खासगी कंपनीवर तर आरक्षणाचे बंधनच नाही. 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे का मांडले, ते इथे कळते.

यात आपले काय जाते, असे कोणी विचारेल. करसवलत म्हणजे न दाखवता केलेला सरकारी खर्च. अनुसूचित जाती उपयोजनेत आपल्याला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मागता येतो, पण तो सरकार जे खर्च करते त्यातून. जो कर गोळाच झाला नाही, त्यात आपला वाटा शून्य. शिवाय एप्रिल २०२५ मधील पेट्रोलच्या त्या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांशी वाटून घेण्याजोगे मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे होते. बाकी सगळे उपकर आणि विशेष शुल्क. त्यामुळे वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी राज्याकडे गेलो की 'निधी नाही' हे उत्तर ठरलेले.

उपकराचीच गोष्ट निघाली, तर संगमनेरच्या बीडी कामगार बायकांना विचारा. १९७६ च्या कायद्याने बीडीवर कल्याण उपकर होता. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्ती मिळे. २०१७ मध्ये जीएसटी आला, बीडीवर २८ टक्के कर बसला आणि कामगारांचा तो उपकर रद्द झाला. पेट्रोलवरचे उपकर मात्र राहिले, कारण पेट्रोल जीएसटीच्या बाहेर ठेवले गेले. जिथे उपकर कामगाराच्या कामी येत होता तिथे तो गेला, जिथे कामगाराकडून घ्यायचा होता तिथे टिकला.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नफ्यात असलेल्या तेल कंपनीला करसवलत नको. द्यायचीच असेल तर मुदत घालून, दरवर्षी कंपनीनिहाय हिशेब जाहीर करून आणि नोकरी व वितरणात आरक्षणाची अट घालूनच द्यावी. जादा नफ्यावरचा कर कायमस्वरूपी कायद्यात यावा. इंधनावरचे उपकर राज्यांशी वाटण्याच्या रकमेत आणावेत.

तरुण मित्रांनो, अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरणपत्र दरवर्षी निघते. अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदींचेही निघते. आपण दुसरे वाचतो, पहिले सोडून देतो. यापुढे दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि मग आमदार-खासदारांना जाब विचारा. आपण कर भरतो. हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे.

जय भीम! जय संविधान!