ताम्हिणीच्या दरीत कोणता वायरलेस सेट चालतो, जुना की नवा?

मुळशीतील ताम्हिणी घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. तिथे वायरलेस सेट उपयोगी पडतो. पण जुना अ‍ॅनालॉग की नवा डिजिटल?

डिजिटल सेट सिग्नलमधील चुका दुरुस्त करतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. मात्र सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला, की शब्द तुटतात आणि एकदम शांतता! जुन्या सेटवर खरखर वाढत जाते, तरी ‘दोर सोडा’ एवढे कळते. दरीत अडकलेल्याला तेवढेही पुरे. अनेक डिजिटल सेटमध्ये अ‍ॅनालॉग मोड असतो, तो आधीच तपासावा. मध्ये डोंगर आला तर दोन्ही सेट मुके. मग धारेवर रिपीटर किंवा निरोप्या हवाच.

परवान्याविना मुभा आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या सेटना. ऑनलाइन खरेदीपूर्वी हा आकडा पाहावा.