बचावाचा हक्क कोणाच्या मालकीचा?

कायद्यापुढे सर्व समान असतात, असे सांगणाऱ्यांनी बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांकडे एकदा पाहावे. ५ जानेवारी २०२४ रोजी ईडीने आमदार रोहित पवार यांच्या बारामती अ‍ॅग्रो कंपनीवर झडत्या घातल्या आणि मार्चमध्ये कन्नडच्या साखर कारखान्याची सुमारे पन्नास कोटींची मालमत्ता जप्त केली. पवारांनी आरोप नाकारले आहेत. खरेखोटे न्यायालय ठरवील. केंद्राच्या यंत्रणांना विरोधकांचेच पत्ते बरे सापडतात, हा आमचा आक्षेपही कायम आहे. परंतु कारखानदाराला पहिल्या नोटिशीपासून नामवंत विधिज्ञ उभे करता येतात, हे कोण नाकारील?

इंदापूर तालुक्यात २०२३ साली अफूची लागवड केल्याच्या आरोपावरून शेतकऱ्यांना अटक झाली. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा हाही केंद्राचाच. त्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याहून भयंकर त्याचे ३५ वे कलम: आरोपीचा हेतू दुष्ट होता असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आणि तो तसा नव्हता हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावयाचे! दोन एकरांच्या धन्याने हे कोणाच्या बळावर करावे? उसाच्या बिलावर उचल घेऊन, की जमीन गहाण टाकून?

वस्तुतः वकील ही सरकारची मेहेरबानी नव्हे. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकिलाचा हक्क मान्य केला. आरोपीने मागणी केली नाही म्हणून तो हक्क बुडत नाही, हे १९८६ साली सांगितले. पुढे २०१२ साली, कसाबच्या खटल्यात, आरोपीला प्रथम हजर करताच या हक्काची जाणीव देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतील माणसाला उत्पन्नाची अट नाही. मात्र ही व्यवस्था बहुधा न्यायालयाच्या दारात जागी होते. पंचनामे आणि सह्या त्याआधीच ठाण्यात उरकलेल्या असतात. शिवाय मोफतचा वकील म्हणजे नावापुरता वकील, ही समजूत गावोगाव आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही.

आपल्यातलेही काही जण विचारतात, अफूवाल्याची बाजू आपण का घ्यावी? बाजू अफूची नव्हे, बचावाची घ्यावयाची आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच रद्दबातल ठरविले. मग कार्यकर्त्याने कोणत्या सोवळ्यात राहावे?

अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, असा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तेव्हा कोणालाही अटक झाल्याचे कळताच शाखेतील एकाने त्याच रात्री नातेवाइकांसह ठाण्यात जावे, तो मराठी कागद मागावा आणि सकाळी न्यायालय उघडण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज पोहोचवावा.