वेटरच्या हातात काय आहे?

गिऱ्हाईक म्हणते, भाजी खारट झालीय. वेटर आधी गल्ल्याकडे बघतो. मालकाची मान हलेपर्यंत टेबलावरचे जेवण थांबते, आणि मग वाटी बदलून आली तरी बसलेल्यांचा मूड गेलेला असतो. पुढे मालकांच्या बैठकीत तक्रार ठरलेली: हल्लीची पोरं तोंड वाकडं करून वाढतात!

पोरांचे तोंड वाकडे का होते, याचा विचार हॉटेलांपेक्षा आधी एका विमान कंपनीने नेटाने केला. १९८१ मध्ये यान कार्लसन तोट्यातल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख झाले. त्यांचा हिशेब सोपा होता. वर्षाला सुमारे १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण ५ कर्मचाऱ्यांशी, दर वेळी जेमतेम १५ सेकंद. या ५ कोटी भेटींमध्ये साहेब कुठेच नसतो, तेव्हा निर्णयही तिथल्या तिथेच व्हायला हवा. कार्लसन यांनी आपल्या पुस्तकाची सुरुवातच अशा एका प्रसंगाने केली आहे. एक अमेरिकन व्यावसायिक स्टॉकहोमच्या विमानतळावर पोचला, तेव्हा तिकीट हॉटेलातच राहिल्याचे त्याच्या लक्षात आले. काळ कागदी तिकिटांचा. काउंटरवरच्या कर्मचारी महिलेने खोली क्रमांक विचारला, बोर्डिंग पास आणि तात्पुरते तिकीट दिले आणि कंपनीची गाडी हॉटेलवर पिटाळली. विमान सुटण्याआधी तिकीट त्याच्या हातात पडले. कंपनी लवकरच नफ्यात आली. त्याला वक्तशीरपणासारखी इतर कारणेही होती, पण काउंटरवरचा हा अधिकार त्यातला मोठा भाग होता.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या ताजचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी हल्ला झाला तेव्हा पळून जाण्याच्या वाटा ठाऊक असलेले कर्मचारी पाहुण्यांसाठी मागे थांबले; त्यांतल्या काहींचा जीव गेला. एका मेजवानीच्या दालनात जेमतेम चोविशीतल्या व्यवस्थापिकेने दिवे मालवून पाहुण्यांना टेबलांखाली झोपवले. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ मध्ये यामागची कारणे शोधली, तेव्हा शौर्याइतकीच भरतीची पद्धत पुढे आली. टाटांचा ताज समूह मुंबई-दिल्लीऐवजी पुणे, चंडीगड, डेहराडूनसारख्या शहरांतून मुले निवडत होता, गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव बघत होता आणि प्रशिक्षण १२ ऐवजी १८ महिने देत होता. मुलांना शिकवले जात होते की तुम्ही कंपनीकडे पाहुण्यांची बाजू मांडणारे आहात. अशा शिकवणीत पाहुण्याची बाजू घेतली म्हणून ओरडा खाण्याची भीती बसतच नाही.

‘ते टाटांचं झालं, आमचं बारा टेबलांचं हॉटेल’ हे उत्तर येणारच. पण पुष्कळ मिसळवाल्यांकडे पोरांना तिथल्या तिथे ठरवण्याचा हा अधिकार वर्षानुवर्षे आहे. ताटली अर्धी झाली की पोऱ्या बादली घेऊन येतो, न विचारता रस्सा ओततो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. गल्ल्यावर विचारायला जात नाही. तिथली मुले बोलकी असतात, त्यामागे हेही एक कारण असावे. हीच मोकळीक खारट भाजी, करपलेली भाकरी, उशिरा आलेला चहा यांच्या बाबतीत द्यायला हरकत नाही: एका डिशच्या किमतीपर्यंत वेटरने स्वतः ठरवावे, नंतर वहीत लिहावे. कुणी गैरफायदा घेतला तर ती वहीच सांगेल.

राहिला पैशाचा मुद्दा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात सेवा शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हे पैसे कर्मचाऱ्यांसाठीच आहेत, हा उपाहारगृहचालकांचा मोठा युक्तिवाद होता. तसे असेल तर आता ती रक्कम पगारात धरावी लागेल, मेनूकार्डावरचे दर वाढले तरी. टिपेच्या पेटीत किती जमले आणि कुणाच्या वाट्याला किती आले, हे दर शनिवारी भटारखान्यातल्या फळ्यावर लिहायला मात्र कुठल्याच आदेशाची वाट पाहावी लागत नाही.