नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी

सहलीला निघण्यापूर्वी अनेक ज्येष्ठ मंडळी डॉक्टरांचा सल्ला घेतात. मधुमेहाच्या गोळ्या किती दिवसांच्या बरोबर घ्याव्यात, घाटात मळमळले तर काय करावे, हे आवर्जून विचारतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात किंवा तारकर्लीला आम्ही होडीत बसणार आहोत, त्यासाठी काय काळजी घ्यावी, असे मात्र माझ्या दवाखान्यात क्वचितच कोणी विचारते. पाण्यावरची अर्ध्या तासाची फेरी म्हणजे प्रवास, असे आपल्याला वाटतच नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीसाठी आलेली १२ शाळकरी मुले आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. एक दुर्घटना समुद्रातली, तर दुसरी शहरातल्या तलावातली. पाणी शांत आहे आणि किनारा समोर दिसतो आहे, एवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत एक गोष्ट सातत्याने आढळते. नौकाविहारात बुडून मृत्यू पावलेल्या दर १० जणांपैकी ८ हून अधिक जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसते. जॅकेट बाकाखाली ठेवलेले असून उपयोग नाही. नाव उलटल्यावर, घाबरलेल्या अवस्थेत, तरंगत्या जॅकेटमध्ये हात घालून पट्टे आवळणे तरुणालाही जमत नाही. मग संधिवाताने आखडलेल्या बोटांची काय कथा!

“मला पोहता येते,” हे उत्तर आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर असेल. पोहायला येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण थंड पाण्यात अकस्मात पडल्यावर माणूस नकळत मोठा श्वास ओढतो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट श्वासमार्गात जाते. रक्तदाब व नाडीची गती एकाएकी वाढते. हृदयविकार असणाऱ्याला तेवढा ताण पुरेसा ठरतो. त्यात नऊवारी-सहावारी साडी वा धोतर पायांत गुंतते. विहिरीत पोहायला शिकताना आपण पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून घेतला होता, त्यात कमीपणा वाटला नव्हता. आता जॅकेटचाच संकोच का वाटावा?

जॅकेट सर्व कपड्यांच्या वर घालावे आणि पदर आत नीट खोचून घ्यावा. त्यावर किती वजनाच्या व्यक्तीसाठी ते आहे हे लिहिलेले असते, ते पाहावे. सर्व पट्टे लावल्यावर दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल, तर पाण्यातही सरकेल. पोटावर बंद होत नसेल किंवा बक्कल तुटलेले असेल, तर दुसरे मागावे. नावाड्याने “काही होत नाही, काका” असे म्हटले, तर धक्क्यावरूनच परत फिरावे. नातवंडे हिरमुसतील, त्यांना कणीस घेऊन द्यावे.

हीच शिस्त नर्मदा परिक्रमेतही पाळावी. विमलेश्वरहून मिठी तलाईकडे नावेने जावे लागते आणि त्या नावेत आपल्याकडची वयस्क मंडळी पुष्कळ असतात. श्रद्धा आणि जॅकेट यांत काहीही विरोध नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी थोडे औषधांविषयी. मळमळ थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभे राहताच चक्कर येते. म्हणून चढताना-उतरताना आधार द्यावा आणि नाव चालू असताना त्यांना बसूनच राहू द्यावे. डॉल्फिन दिसला की सारे एका बाजूला धावतात व छोटी होडी तिकडे कलंडते. छायाचित्राचा मोह तेवढा वेळ आवरावा. नाव दुमजली असेल, तर खालच्या बंद भागात न बसता बाहेर पडण्याच्या वाटेजवळची जागा घ्यावी. दर ज्येष्ठामागे आणि दर मुलामागे एक ठरावीक माणूस असावा. ‘सगळ्यांचे लक्ष आहे’ याचा अर्थ बहुधा कोणाचेच नसते. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो, त्यामुळे तो मुकाट्याने खाली जातो.

कोणाला पाण्याबाहेर काढले आणि श्वास चालत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. त्याला पालथे घालून गोल फिरवण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाब, पुन्हा २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. समुद्रात असाल, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. माणूस शुद्धीवर येऊन “आता बरा आहे” म्हणाला, तरी त्याला घरी नेऊ नये. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याने काही तासांनंतरही धाप लागू शकते, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक आहे.