कुंपण मोडू नका

जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगच्या एका वाचकबंधूंनी कळविले आहे, की एका संगणकास जोडलेला प्रिंटर घरातील दुसऱ्यास दिसेना, म्हणून त्यांनी फायरवॉलच बंद केली! वाचकहो, एका पाहुण्यासाठी सारे कुंपण कोणी मोडते काय? विंडोजमध्ये घरचे नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे, हे प्रथम पाहावे. मग फायरवॉलच्या यादीत 'नेटवर्क डिस्कव्हरी' दोन्ही संगणकांवर, व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' प्रिंटरच्या संगणकावर, अशी मुभा द्यावी. तीही केवळ प्रायव्हेट रकान्यात. 'पब्लिक' रकाना कोराच राहू द्यावा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो याच शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या दारातून, दुरुस्ती न केलेल्या संगणकांत. तेव्हा आमच्या बंधूंनी फायरवॉल आज रात्रीच चालू करावी; छपाई उद्या झाली तरी चालेल.